पुण्यात गाणं ऐकायला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीसाठी, शिकायला किंवा निवृत्तीनंतर मुलांकडे राहायला म्हणून पुण्यात आलेली माणसं मला एकच गोष्ट विचारतात, की इथे एवढं गाणं होतं म्हणतात, ते नेमकं होतं कुठे? गेली पंचवीस वर्षं मी या शहरात गाणं ऐकतेय, बहुतेक वेळा सतरंजीवर बसून. ज्यांची उत्तरं मला पुन्हा पुन्हा द्यावी लागतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

मला रागातलं काही कळत नाही. मी बैठकीला गेले तर चालेल का?

नक्की चालेल. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला भूप आणि यमन हे रागही वेगळे ओळखता येत नव्हते. शेजारी बसलेल्या आजोबांनी मांडीवर बोटांनी मात्रा मोजायला सुरुवात केली आणि मी नुसती त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. गाणं ऐकायला मी तिथे शिकले.

ख्यालाची, म्हणजे एकेक राग सावकाश फुलवत नेणाऱ्या गाण्याची, मैफल साधारण अशी चालते. आधी तानपुरे जुळवले जातात. याला वेळ लागतो आणि तो लागू द्यावा. मग विलंबित ख्याल, बहुधा बारा मात्रांच्या एकतालात. लय इतकी संथ असते की एक आवर्तन, म्हणजे बारा मात्रांची एक फेरी, पुरं व्हायला पाऊण मिनिट, कधी मिनिटभरही लागतं. नवख्या माणसाला इथे 'काहीच घडत नाहीये' असं वाटतं. अशा वेळी तबल्याकडे कान द्या. गायक कुठेही भटकून आला तरी समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, तबल्याला येऊन मिळतो आणि सभागृहातल्या माना एकदम हलतात. ती जागा दोन-तीनदा पकडता आली की पुढचा तास कसा गेला ते कळत नाही. त्यानंतर द्रुत, म्हणजे जलद लयीतली, बंदिश, कधी अर्थाऐवजी नुसत्या बोलांचा तराणा, उत्तरार्धात ठुमरी, नाट्यगीत किंवा अभंग आणि शेवटी भैरवी. भैरवी सुरू झाली की मैफल संपत आली असं समजायचं.

रागाचं नाव कळलं नाही तर मध्यंतरात शेजाऱ्याला विचारा. पुण्यात या प्रश्नाला कोणी कंटाळत नाही, उलट उत्तर जरा लांबतंच.

कार्यक्रम आहे हे कळतं कसं?

मोठे कार्यक्रम बुकमायशो किंवा तिकीटखिडकीवर दिसतात. पण ज्या बैठका खरोखर ऐकाव्यात त्यातल्या निम्म्याअधिक तिथे नसतातच. त्यासाठी तीन जागा लक्षात ठेवा. एक, वर्तमानपत्राच्या पुणे आवृत्तीतला आजच्या कार्यक्रमांचा छोटा रकाना. दोन, नाट्यगृहांच्या बाहेरचे फलक. बालगंधर्वच्या किंवा टिळक स्मारकच्या फाटकाशी दोन मिनिटं उभं राहिलात तर पुढच्या आठवड्याचा अंदाज येतो. तीन, आणि सगळ्यात उपयोगी, एका बैठकीला जाऊन तिथल्या आयोजकांना आपला व्हॉट्सअ‍ॅप नंबर देणं. एका यादीत नाव गेलं की दुसऱ्या बैठकीत दुसऱ्या यादीत जातं आणि वर्षभरात कुठे जायचं हा प्रश्न उरत नाही, कुठलं सोडायचं एवढाच उरतो.

'प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव' याचा अर्थ काय?

पैसे लागत नाहीत, पुढच्या दोन-तीन रांगा निमंत्रितांच्या असतात आणि बाकी ज्याचा पहिला नंबर त्याची जागा. नाव मोठं असेल तर किमान अर्धा तास आधी जा. कधी विनामूल्य असूनही प्रवेशिका लागते. ती आदल्या दोन-तीन दिवसांत सभागृहावर किंवा एखाद्या दुकानात मिळते, ते जाहिरातीत बारीक अक्षरात दिलेलं असतं. ती ओळ वाचायची चुकवू नका.

दाराशी देणगीची पेटी असेल तर तीत काहीतरी टाका. सभागृहाचं भाडं, ध्वनियंत्रणा, तबलजी-पेटीवाल्यांचं मानधन हे सगळं कुणाच्या तरी खिशातून जात असतं, आणि छोट्या संस्थांचे खिसे खोल नसतात.

पुण्यात गाण्यासाठी चांगल्या जागा कोणत्या?

जंगली महाराज रस्त्यावरचं बालगंधर्व रंगमंदिर सगळ्यांना ठाऊक असतं. १९६२ मध्ये त्याची कोनशिला खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली, पण उभं राहिलेलं रंगमंदिर त्यांना बघायला मिळालं नाही. १९६७ मध्ये ते गेले आणि २६ जून १९६८ ला, त्यांच्या जन्मदिवशी, उद्घाटन झालं. पु. ल. देशपांडे यांनी त्याच्या उभारणीत मनापासून लक्ष घातलं होतं. मोठा कार्यक्रम, वाद्यवृंद, नाट्यसंगीताची रजनी यांसाठी ही जागा छान. टिळक रस्त्यावरचं टिळक स्मारक मंदिर, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, स्वारगेटचा गणेश कला क्रीडा रंगमंच हीसुद्धा मोठी घरं.

पण मला विचाराल तर गाणं लहान जागेत ऐकावं. हिराबागेतलं ज्योत्स्ना भोळे सभागृह, नवी पेठेतलं एस. एम. जोशी सभागृह, शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच, जिथे फार तर शंभर-सव्वाशे माणसं दाटीवाटीने मावतील. अशा जागी गायकाने श्वास कुठे घेतला ते ऐकू येतं. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती गुंजन, स्पीकरमधून येत नाही, तानपुऱ्यातून येते. मोठ्या सभागृहात तबल्याचा आवाज छातीवर आदळेपर्यंत वाढवलेला असतो आणि त्यात डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताकडच्या तबल्याचा, घुमार हरवतो. याबद्दल मी आयोजकांशी अनेकदा बोलले आहे आणि पुढेही बोलत राहीन. तुम्हीही बोला. 'आवाज थोडा कमी करा' एवढी चिठ्ठी मध्यंतरात ध्वनियंत्रणेवाल्याला दिली तर तो बहुतेक वेळा ऐकतो.

दोन जुन्या संस्थांत एकदा तरी जाऊन या. भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये स्थापन केलेला भारत गायन समाज, आणि विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये सुरू केलेलं गांधर्व महाविद्यालय. बालगंधर्व हे भास्करबुवांचे शिष्य, हे लक्षात घेतलं की रंगमंदिर आणि गायन समाज यांच्यातला धागा दिसतो. दोन्ही संस्थांत विद्यार्थी शिकतात, त्यामुळे तिथल्या श्रोत्यांत निम्मे जण स्वतः गाणारे असतात आणि त्यांची दाद नेमक्या जागी पडते.

संगीत नाटक अजून होतं का?

होतं, पण शोधावं लागतं. सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर हे त्याचं मुख्य ठिकाण. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये आपल्या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग पुण्यातच, आनंदोद्भव नाट्यगृहात केला होता. तेव्हापासूनची ही परंपरा आज थोड्या लोकांनी नेटाने धरून ठेवली आहे. पदांना 'वन्स मोअर' मिळतो आणि नट तो मनापासून घेतात, त्यामुळे प्रयोग चार तास चालला तरी आश्चर्य वाटू देऊ नका. ऑर्गनचा आवाज प्रत्यक्ष ऐकायचा असेल तर दुसरीकडे कुठे फारसा मिळत नाही.

'सवाई'ला जायचंय. काय तयारी करू?

सवाई गंधर्व, म्हणजे गायक रामभाऊ कुंदगोळकर, १९५२ मध्ये गेले. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी १९५३ पासून गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला, आर्य संगीत प्रसारक मंडळामार्फत. २०११ मध्ये भीमसेनजी गेल्यानंतर त्याचं नाव सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव झालं. बोलताना मात्र सगळे 'सवाई'च म्हणतात. महोत्सव डिसेंबरात असतो. पूर्वी रमणबागेत व्हायचा, आता मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर.

तिकीट दोन तऱ्हेचं, खुर्ची आणि भारतीय बैठक, दोन्ही एका दिवसाचं किंवा संपूर्ण महोत्सवाचं. पाठ-गुडघे साथ देत असतील तर बैठकीचं काढा. स्वस्त असतं म्हणून नव्हे. बैठकीत माणसं हलतात, सरकून जागा देतात, डबा उघडतात, ओळख होते. माझ्या तीन जवळच्या मैत्रिणी मला सवाईच्या सतरंजीवर भेटलेल्या आहेत. खाली टाकायला जाड चादर, टेकायला उशी, संध्याकाळनंतर अंगावर घ्यायला शाल, कानाला काहीतरी. मंडप उघड्या मैदानावर असतो आणि डिसेंबरातली पुण्याची थंडी आठनंतर खालून चढते.

सगळं ऐकायचा हट्ट धरू नका. पाच-सहा तास सलग कान तितकाच जागा राहत नाही. ज्यांना ऐकायचंय त्यांच्या आधी अर्धा तास बाहेर फिरा, गरम काहीतरी खा, चित्रांचं किंवा पुस्तकांचं दालन बघा आणि ताजे होऊन आत या. पण दुपारी पहिल्या सत्रात गाणारा तरुण कलाकार चुकवू नका. त्या वेळी मंडप अर्धा रिकामा असतो, तो जीव तोडून गातो, आणि दहा वर्षांनी तुम्ही सांगू शकता की मी याला तेव्हा ऐकलंय.

आणि शेवटच्या दिवशी पार्किंगमधून गाडी लवकर निघावी म्हणून आधी उठू नका. महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्या आवाजातली भैरवी ठुमरीची ध्वनिमुद्रिका लावून होते. मंचावर कोणी नसतं. हजारो माणसं एका जुन्या, खरखरणाऱ्या आवाजासमोर गप्प उभी असतात. हे बघायला मिळतं त्या शहरात आपण राहतो याचं मला दर वर्षी नव्याने बरं वाटतं.

पूर्वी रात्रभर गाणं चालायचं ना? आता का नाही?

ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. राज्य सरकार वर्षातून मोजके, जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. म्हणून सवाईतही एखादा दिवसच बारापर्यंत चालतो. नियम योग्यच आहे, आजारी माणसाच्या खिडकीखाली लाउडस्पीकर नको हे मला पटतं. पण त्यात एक मोठी गोष्ट गेली आहे आणि ती सांगायला हवी.

आपले राग वेळेला बांधलेले आहेत. मारवा, पूरिया धनाश्री सूर्यास्ताचे, यमन त्यानंतरचा, बागेश्री रात्रीचा, मालकंस आणि दरबारी उत्तररात्रीकडे झुकणारे, ललित पहाटेच्या आधीचा, मग तोडी, जौनपुरी. सगळ्या मैफली संध्याकाळी सहा ते दहा झाल्या की श्रोत्यांच्या कानावर तेच आठ-दहा राग पडत राहतात. रमणबागेत पहाटे शालीत गुरफटून ललित ऐकलेला मला आठवतो. बाहेर आलो तेव्हा उजाडत होतं आणि अमृततुल्य चहावाला पहिलं दूध तापवत होता. हा अनुभव आज विशीत असलेल्या मुलांना मिळत नाही.

म्हणून सकाळच्या बैठका सोडू नका. रविवारी सकाळी होणाऱ्या छोट्या मैफली, घरगुती बैठका, आणि अर्थातच दिवाळी पहाट. दिवाळी पहाटेला बहुतेक ठिकाणी भावगीतं-भक्तिगीतं असतात, तीही गोड, पण जिथे कोणी बसून तोडी गाणार असेल तिथे आधी जा.

उशीर झाला तर आत जाऊ देतात का? मध्येच उठता येतं का?

आलाप चालू असेल तर दाराशी थांबा. बंदिश संपली, टाळ्या पडल्या की आत शिरा. उठतानाही तसंच. कलाकार बसलेला असताना पहिल्या चार रांगांतून उठून जाणं त्याला दिसतं आणि लागतं.

दाद मात्र हवी तेव्हा द्या. 'वा', 'क्या बात है', नुसती मान, हात उचलणं, सगळं चालतं. गाणाऱ्याला ते हवं असतं. शांत, निर्विकार सभागृहात गायला कठीण जातं असं अनेक कलाकार सांगतात. फक्त प्रत्येक तानेला टाळ्या नकोत, त्याने धागा तुटतो.

मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर?

विचारल्याशिवाय करू नका. आणि परवानगी मिळाली तरी हात वर धरून करू नका, मागच्याला तुमचा पडदा दिसतो, गायक दिसत नाही.

लहान मुलांना नेता येतं का?

न्या. कोपऱ्याची, दाराजवळची जागा घ्या आणि कुरकुर सुरू झाली की बाहेर जा. माझा मुलगा पहिली दोन वर्षं मांडीवर झोपूनच गाणं ऐकायचा. सतार, संतूर, तबलावादन यात मुलं जास्त रमतात, कारण हात हलताना दिसतात.

आईवडील सत्तरीपुढचे आहेत. सोय असते का?

आधी फोन करून विचाराच. काही वर्षांपूर्वी मी आईला एका बैठकीला घेऊन गेले. कार्यक्रम दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, जिन्याला एकाच बाजूला कठडा. तिने कशीबशी एक मजला चढून पायरीवरच बसकण मारली आणि आम्ही तिथून येणारं अर्धंमुर्धं गाणं ऐकून परत आलो. पुण्यातला गाण्याचा निम्मा श्रोता साठीपुढचा आहे आणि तरीही जिना, स्वच्छतागृह, हाताला कठडा यांचा विचार शेवटी होतो, याचा मला राग येतो. जिने किती, लिफ्ट चालू आहे का, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, खुर्च्या मिळतील का, हे चार प्रश्न न लाजता विचारा. जितके जास्त लोक विचारतील तितकं लवकर बदलेल.

लावणी कुठे ऐकता येईल? घरच्यांबरोबर जाता येतं का?

बालगंधर्वला आणि इतर नाट्यगृहांत लावणीचे प्रयोग नियमित होतात, कधी खास महिलांसाठीही. ते प्रयोग मी आईबरोबर, सासूबाईंबरोबर बघितले आहेत आणि सगळ्या जणी शिट्ट्या वाजवून आल्या आहेत. बुधवार-गणेश पेठ भागातलं आर्यभूषण थिएटर हे तमाशाचं जुनं घर. संगीतबारी, म्हणजे वगाशिवाय नुसती लावणी, ऐकायची तर सोलापूर रस्त्यावरच्या चौफुल्याची कलाकेंद्रं प्रसिद्ध आहेत.

लावणी म्हणजे फक्त उभ्याने नाच असं समजू नका. बैठकीच्या लावणीत गाणारी बसून एकच ओळ पाच-सात वेगळ्या भावांनी मांडते, नुसत्या डोळ्यांनी आणि हाताने. ते गायनच आहे, ठुमरीच्या शेजारी ठेवावं असं. तिथे मान खाली घालून किंवा उपकार केल्यासारखं बसू नका. कलावंतासमोर बसलोय तसं बसा आणि दाद द्या.

बँड, रॉक, इंडी यासाठी?

कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेरकडे जा. हाय स्पिरिट्स या पबने वर्षानुवर्षं नवोदित बँडना मंच दिला आहे, आणि देशभर गाजलेला एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव २०१० मध्ये पुण्यातूनच सुरू झाला. जाहिरातीत आठ लिहिलं असेल तर बँड नऊनंतर उभा राहतो असं धरून चला. मद्य मिळणाऱ्या जागी वयाचा पुरावा मागतात. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे. ओळखपत्र जवळ ठेवा. मराठीतून स्वतःची गाणी लिहून गाणारी मुलं अशा मंचांवर भेटतात, त्यांना ऐकायला मुद्दाम जा.

पाश्चात्त्य शास्त्रीय?

कॅम्पातला माझदा हॉल. पियानो, चेंबर म्युझिक तिथे ऐकायला मिळतं. तिथे रचनेच्या दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवत नाहीत. आपली 'वा' म्हणायची सवय तेवढी दोन तास आवरायची.

तिकीट-सभागृह काही नको, सहज जाऊन बसता येईल असं काही?

सदाशिव पेठेतल्या नारद मंदिरात कीर्तन ऐका. पूर्वरंग, उत्तररंग, मध्ये साकी-दिंडी-आर्या, पेटी-तबल्याची साथ आणि गोष्ट. ज्याला गाणं 'जड' वाटतं त्याने इथून सुरुवात केली तर वाट सोपी होते. वर्षातून एकदा पालख्या पुण्यात मुक्कामी असतात तेव्हा ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात उतरते. आसपासच्या गल्ल्यांत, शाळांत, गोदामांत दिंड्या उतरलेल्या असतात आणि रात्री तिथे भजन चालतं. एका मृदंगाभोवती चाळीस टाळकरी, एकही माइक नाही. चपला बाहेर काढा आणि कडेला बसा. कोणीतरी तुमच्या हातात टाळ देईल.

जायचं-यायचं कसं?

पार्किंगच्या भानगडीत पडू नका. बालगंधर्वला छत्रपती संभाजी उद्यान मेट्रो स्थानक जवळ आहे, पेठांसाठी मंडई, स्वारगेट परिसरासाठी स्वारगेट. परतीची शेवटची गाडी किती वाजता ते आधी बघून ठेवा, नाहीतर भैरवीच्या वेळी घड्याळाकडे लक्ष जातं.

आम्ही रत्नागिरीचे. गाण्यासाठी पुण्यालाच यावं लागतं का?

मुळीच नाही. थिबा राजवाड्याच्या प्रांगणात होणारा संगीत महोत्सव ऐकायला मी पुण्याहून तिकडे आले आहे. उघड्यावर, खाडीकडून येणाऱ्या वाऱ्यात मालकंस वेगळाच ऐकू येतो. लहान गावाचा मोठा फायदा हा की तिथे श्रोते एकमेकांना ओळखतात आणि मोजके कार्यक्रम असल्याने मन लावून ऐकतात. पुण्यात एका संध्याकाळी चार कार्यक्रम असतात आणि माणसं अर्धा-अर्धा तास चारही ठिकाणी हजेरी लावतात. ते मला आवडत नाही. एका रात्रीसाठी पुण्याला येणार असाल तर एकच बैठक निवडा आणि भैरवीपर्यंत बसा.

मध्यंतरात काय खायचं?

बालगंधर्वचा बटाटावडा. रांग लागते, म्हणून शेवटच्या टाळ्या पडत असतानाच निघणारे लोक असतात. तसं करू नका, वडे उरतात.

कार्यक्रम संपल्यावर कलाकाराला भेटता येतं का?

येतं, आणि लहान बैठकीत तर अगदी सहज. पाच मिनिटं थांबा, त्यांना पाणी पिऊ द्या. नमस्कार करून नेमकं काय आवडलं ते सांगा. 'छान झालं' ते दिवसातून पन्नासदा ऐकतात. 'द्रुत सुरू करण्याआधी तुम्ही निषादावर थांबलात, ते आवडलं' असं कोणी म्हटलं की त्यांचा चेहरा बदलतो. निषाद वगैरे कळत नसेल तर 'त्या एका जागी मला भरून आलं' एवढं सांगितलं तरी पुरतं. साथीदारांनाही भेटा. तबलजी वाद्यांना गवसणी घालत असतो, तानपुऱ्यावर बसलेली शिष्या तारा उतरवत असते, आणि त्यांच्याकडे बहुतेक वेळा कोणी जात नाही.